फोडू नका, आत खेळणं आहे

दुकानातल्या खिळ्याला अडकवता यावं म्हणून खेळण्याच्या पुठ्ठ्याला वरच्या बाजूला एक भोक असतं. कारखान्यात ते पुरतं पाडत नाहीत. कडेनं कापून ठेवतात आणि दुकानदार माल लावताना अंगठ्यानं आतली चकती ढकलून देतो. ज्या पुठ्ठ्याची ही चकती चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही जागच्या जागी आहे, त्याला जाणकार ‘अनपंच्ड’ म्हणतात आणि चकती पडलेल्या पुठ्ठ्यापेक्षा त्याचे जास्त पैसे मोजतात. भोक नसल्याबद्दल जादा आकार.

ही माहिती मला भाऊजींनी दिली. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात आहेत. समोरच्या माणसाचं कर्ज कितपत बुडालेलं आहे हे त्याच्या चपलांवरून सांगतात. मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटी करून, देठांतला चिखल झटकून, मग भाव विचारतात. आणि हाच माणूस रात्री जेवणं झाल्यावर हातात पांढरे सुती मोजे चढवून एका प्लास्टिकच्या बेडकाकडे बघत बसतो. बेडूक पाकिटात आहे. पाकिटाला वर पुठ्ठ्याची घडी आणि तिला पिना. पिनांना गंज चढलाय. मी नखानं खरवडायला गेलो तर भाऊजी केवढ्यानं तरी ओरडले. म्हणाले, “गंज ओरिजिनल आहे!”

भाऊजी जुनी खेळणी जमवतात, असं ताई बाहेर सांगते. तेवढंच सांगून ती विषय बदलते, कारण ‘जुनी खेळणी’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सावंतवाडीची लाकडी फळं, ठकी नाहीतर तुळशीबागेतली पितळी भातुकली येते, आणि तो मान डोलावतो. तो घरी आला तर पंचाईत. भाऊजींचं दैवत वेगळं. साच्यातून लाखांनी पडलेलं, चार-आठ आण्यांना विकलेलं आणि संध्याकाळपर्यंत मोडावं अशाच बेतानं केलेलं प्लास्टिकचं खेळणं. जत्रेत मिळणारं, कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवणारं मनगटी घड्याळ. डोळ्याला लावून खटका दाबला की अष्टविनायकातला पुढचा गणपती येणारा कॅमेरा. बटण दाबून पाण्यात रिंगा उडवायच्या आणि खुंटीत अडकवायच्या, तो खेळ. त्यातलं पाणी आटून तळाशी आलंय आणि रिंगा गाळात रुतल्यात. किल्ली दिली की कडाकडा वाजत टेबलावरून चालत जाणारी दातांची कवळी. ही कवळी एडी गोल्डफार्ब नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी १९४९च्या सुमारास काढली, असं भाऊजी आदरानं सांगतात. त्यांच्याकडच्या कवळीला कोणी कधी किल्ली दिलेली नाही. शिवाय हाँगकाँगचे साप, हाँगकाँगचे सरडे, हाँगकाँगची झुरळं. ताईचं म्हणणं, झुरळं तरी परदेशातून मागवायची गरज नव्हती.

“पुण्यात केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, दौती जमवल्या,” ती म्हणते. “केवढं संग्रहालय उभं राहिलं. लोक तिकीट काढून बघायला जातात. ह्यांनी काय जमवलं, तर शिट्ट्या.”

“सीलबंद शिट्ट्या,” भाऊजी दुरुस्ती करतात.

त्यांच्या लेखी सगळं शहाणपण ह्या ‘सीलबंद’मध्ये आहे. तीच शिट्टी पाकिटाबाहेर काढलेली असेल तर ती कचरा. पाकिटात असेल तर वारसा. आणि ह्यामागचं अर्थशास्त्र बँकेच्या माणसाला शोभेल असं पक्कं आहे. ही खेळणी दुर्मीळ कधीच नव्हती. दुर्मीळ होता तो पाकीट न फोडणारा मुलगा. कारखान्यानं लाखो नग काढले, लाखो पोरांनी ते दुकानाच्या पायरीवरच दातांनी फाडले. उरले कुठले? दुकान बुडालं आणि माल गोदामात अडकला, ते. किंवा मामानं भाच्यासाठी खेळणं घेतलं आणि देण्याआधीच बहीण-भावांचं वाटणीवरून वाजलं, ते. भाऊजींच्या कपाटातला निम्मा ऐवज कुणाच्या तरी दिवाळखोरीचा आहे आणि निम्मा कुणाच्या तरी भाऊबंदकीचा. वसुली खात्यातल्या माणसाला ह्या छंदाची गोडी का लागली, हे त्यावरून समजावं.

पण आपल्याकडचे लोक ह्यात अजून कच्चे आहेत. पंथाचं मूळपीठ अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी गावी. तिथे केनर नावाची खेळण्यांची कंपनी होती. मे १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’ लागला आणि कोणाच्याही अंदाजापलीकडे चालला. त्याच्या बाहुल्या काढायचे हक्क केनरकडे होते. बाहुल्या मात्र नव्हत्या. साचे व्हायचे होते आणि नाताळ तोंडावर आलेला. तेव्हा कंपनीचे प्रमुख होते बर्नार्ड लूमिस. हे गृहस्थ आपल्याकडे जन्मले असते तर घरबांधणीच्या धंद्यात फार पुढे गेले असते. त्यांनी दुकानांत एक चपटं पाकीट आणलं. आत एक चित्राचा पुठ्ठा, थोडे स्टिकर, सभासदाचं कार्ड आणि कूपन. कूपन भरून पाठवा. फेब्रुवारी ते जून १९७८ ह्या दरम्यान चार बाहुल्या पोस्टानं घरपोच येतील. ताबा नंतर. त्या नाताळात अमेरिकेतल्या पोरांनी उत्साहानं खोकं उघडलं आणि त्यातून बुकिंगची पावती निघाली.

आपल्याकडच्या पोरानं एवढ्यावर चाळ डोक्यावर घेतली असती. तिकडच्यांनी मुकाट्यानं कूपन कापलं, नाव-पत्ता लिहिला, पाठवलं आणि वाट बघितली. बाहुल्या आल्याही. आणि आज भाव कोणाला आहे? ज्यानं कूपन पाठवलंच नाही त्याला. बाकीची पोरं पोस्टाच्या पेटीपर्यंत धावली. हा आळशी कार्टा सोफ्यावर लोळत राहिला, पाकीट कुठेतरी सरकलं, आणि तेच आज संग्राहकांच्या स्वप्नात येतं. लहानपणी मलाही हेच सांगायचं होतं, पण तेव्हा माझ्याकडे उदाहरण नव्हतं.

त्याच कंपनीचा जावा घ्या. जावा म्हणजे त्या सिनेमातलं एक बुटकं, डोक्यावरून झगा घेतलेलं पात्र. पहिल्या खेपेला त्याच्या बाहुलीला प्लास्टिकचा पातळ झगा होता. आधीच मूर्ती लहान, किंमत मात्र इतरांइतकीच, त्यात कपडा असला फडतूस. गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटेल म्हणून कंपनीनं लवकरच त्याला बरा कापडी झगा शिवला. परिणामी आज कापडी झग्याचा जावा कोणी विचारत नाही आणि फडतूस झग्याच्या जावावर लोक जीव टाकतात. इतका की ओबी-वान केनोबी ह्या वयोवृद्ध ऋषितुल्य पात्राच्या अंगावरचा झगा काढून, तो कातरून, त्याचा नकली जावा बनवणारे कारागीर तयार झाले. नकली माल करतानाही जुनंच प्लास्टिक वापरायचं, एवढी सचोटी ह्या धंद्यात आहे.

आणि बोबा फेट. १९७९मध्ये केनरनं जाहीर केलं, की पुठ्ठ्यांवरचे खरेदीचे चार पुरावे कापून पाठवा आणि पाठीवरून क्षेपणास्त्र सोडणारा बोबा फेट फुकट मिळवा. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हे इवलंसं लाल क्षेपणास्त्र नेमकं पोराच्या घशात जाऊन बसेल. ते जागच्या जागी पक्कं बसवून टाकलं आणि न उडणारा बोबा पोरांना पाठवला. उडणारा बोबा कुठल्याच दुकानात कधी आला नाही. कारखान्यातले काही नमुने तेवढे मागे राहिले. त्यांपैकी एकाला २०२४मध्ये हेरिटेज ह्या लिलावघरात सव्वापाच लाख डॉलर आले.

भाऊजी हे सांगत होते तेव्हा ताई भाकरी थापत होती. “म्हणजे जे कधीच विकलं गेलं नाही ते सगळ्यात महाग,” ती म्हणाली. “मग आपला नाशिकचा प्लॉट काय वाईट आहे?”

तसं पाहिलं तर पोरांना काहीच न विकण्याची कला केनरच्याही आधीची. हॅरल्ड फॉन ब्राउनहट हा त्यातला खरा अवतारी पुरुष. खाऱ्या पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे कोळंबीच्या जातीचे जीव ‘सी-मंकी’ ह्या नावानं विकून त्यानं प्लास्टिकच्या टाकीसकट घरोघर पोचवले, ते एक असो. पण त्यानं अदृश्य गोल्डफिशही विकले. एक भांडं, माशाचं खाणं, एक पुस्तिका आणि मासा कधीच दिसणार नाही ह्याची हमी. ह्या धंद्यात इतकी शब्दशः पाळलेली हमी दुसरी सापडायची नाही. भाऊजी ह्या माशाचं सीलबंद खोकं शोधताहेत.

“पण आत मासा आहे की नाही हे कळणार कसं?” मी विचारलं.

“फोडायचंच नाही म्हटल्यावर काय फरक पडतो?”

ह्या सगळ्यात आईला एकच खेळणं पटलं. मिस्टर पोटॅटो हेड. टीव्हीवर जाहिरात झालेलं हे पहिलं खेळणं, १९५२ सालचं. सुरुवातीला त्याच्या खोक्यात बटाटा नसायचाच. नाक, कान, डोळे, मिशा एवढंच प्लास्टिकचं. बटाटा घरचा घ्यायचा आणि त्यात खुपसायचं. प्लास्टिकचा बटाटा १९६४मध्ये आला. आईच्या मते तिथेच त्यांची बुद्धी फिरली. आधीच्या बटाट्याची खेळून झाल्यावर भाजी तरी करता येत होती.

एकदा भाऊजींनी एक पुठ्ठा परीक्षेला पाठवला. तिकडे खेळण्यांची परीक्षा घेणाऱ्या कंपन्या आहेत. त्या तुमचं पाकीट भिंगाखाली तपासतात, ॲक्रिलिकच्या पेटीत कायमचं बंद करतात आणि वर शंभरपैकी गुण छापून परत पाठवतात. पार्सल आलं तेव्हा भाऊजींनी देवासमोर निरांजन लावलं नाही एवढंच. पंच्याऐंशी गुण होते. त्या जगात पंच्याऐंशी म्हणजे मोठी गोष्ट. नव्वदच्या वर गेलेल्या पुठ्ठ्याचं लोक दुरून दर्शन घेतात. भाऊजी पेढे आणायला निघाले होते.

आईनं पेटी चष्मा लावून वाचली. “बाकीचे पंधरा कुठे गेले?”

“एका कोपऱ्याला घडी पडलीय, आई. आणि वरचा प्लास्टिकचा फुगवटा जरासा पिवळा आहे.”

“जोश्यांच्या मुलाला ब्याण्णव पडले,” आई म्हणाली. कुठल्या जोश्यांच्या, कुठल्या मुलाला, कशात, हे तिला विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

ह्या पिवळेपणानं मात्र भाऊजींची झोप उडवली आहे. त्याची गंमत अशी की आपला भाचा शाळेतून रोज तक्ते घेऊन येतो: प्लास्टिक शेकडो वर्षं नष्ट होत नाही, प्लास्टिकचा राक्षस, पृथ्वीला वाचवा. आणि इकडे त्याचा बाप रात्री कपाटासमोर बसून प्लास्टिकचं आयुष्य किती क्षणभंगुर आहे ह्यावर उसासे टाकतो. दोघंही खरंच बोलतात. समुद्रात गेलेलं प्लास्टिक पिढ्यान्‌पिढ्या तुकड्या-तुकड्यांनी छळतं. कपाटात ठेवलेलं मात्र मालकाच्या डोळ्यांदेखत मान टाकतं. पांढरं पिवळं पडतं. मऊ पीव्हीसीत घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि बाहुलीला घाम फुटतो, ती चिकट होते. काही जुन्या जातींच्या प्लास्टिकमधून तर आम्लाची वाफ निघते. हवा खेळती असेल तर ती उडून जाते, पण बंद खोक्यात कोंडते आणि आतल्या खेळण्याला आणखी वेगानं खाते. थोडक्यात, पाकीट न फोडल्यानं जी किंमत येते, ती पाकीट न फोडल्यानंच जाण्याचा संभव. हे कळल्यावर भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी खोलीला जाड पडदे लावले, ट्यूबलाइट काढली आणि आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. आजोबांचा दमा ज्या खोलीत गेला नाही, त्या खोलीत आता हाँगकाँगच्या झुरळांसाठी हवामान राखलं जातं.

पूर्वी हा छंद एकट्यानं करायचा होता; जुन्या बाजारात बुधवार-रविवारी खाली मान घालून फिरायचं. इंटरनेटनं सगळं बिघडवलं. ईबे ही लिलावाची कंपनी तर म्हणे संस्थापकाच्या वाग्दत्त वधूला पेझच्या गोळ्यांच्या डब्या जमवायच्या होत्या म्हणून निघाली. पेझच्या डब्या म्हणजे मिकी माऊसची मान मागे केली की गळ्यातून गोळी येते त्या. कहाणी इतकी गोड की वर्षानुवर्षं छापून येत राहिली. प्रत्यक्षात ती १९९७मध्ये कंपनीच्या प्रसिद्धी खात्यानं रचली होती. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. भाऊजींना पेझची कहाणीच खरी वाटते. “मोडक्या वस्तूला कोण पैसे देईल?” ते म्हणतात. पाकिटातल्या आटलेल्या पाण्याकडे बघत म्हणतात.

आता आपल्या घरांकडे येऊ. मराठी घरात वस्तू आणि तिचं खोकं ह्यांची ताटातूट पहिल्याच दिवशी होते. वस्तू वापरात जाते, खोकं माळ्यावर. मिक्सर तीन बदलले तरी पहिल्या मिक्सरचं खोकं वर असतं. संग्राहकांच्या बाजारात नुसत्या रिकाम्या खोक्यांनाही भाव असतो, कारण सगळ्या जगानं खेळणं ठेवलं आणि खोकं फेकलं. हे भाऊजींच्या ध्यानात आलं त्या रविवारी ते सकाळी साडेसातला शिडी घेऊन सासुरवाडीला हजर.

“या ना, जावईबापू,” आई म्हणाली. “माळा काय, घरच तुमचं आहे.”

वर खरोखरच खजिना होता. बॅटरीवर चालणाऱ्या पोलिसगाडीचं खोकं होतं, चारही कोपरे शाबूत, रंग झळझळीत. आत रिळं आणि बटणं. चावीच्या आगगाडीचं खोकं होतं. त्यात माझ्या मुंजीच्या उरलेल्या पत्रिका. माकड झांजा वाजवतं त्याच्या खोक्यात गौरींचे मुखवटे ठेवायचा कापूस होता. खेळणं एकही नव्हतं. ती आम्ही रीतसर मोडली होती.

“हे पोलिसगाडीचं नेऊ का, आई?”

“न्या की. तुमच्यापेक्षा का खोकं जास्त आहे?” आई म्हणाली. तिचा हात खोक्यावर होता तो तिथेच राहिला. “फक्त रिळं कशात ठेवू तेवढं सांगा.”

भाऊजींनी स्टीलचा डबा देऊ केला. स्टीलच्या डब्यात रिळं गंजतात, असं आईनं सांगितलं. भाऊजींनी प्लास्टिकचा कप्प्याकप्प्यांचा डबा आणून दिला. तो इतका छान निघाला की आईनं तो त्याच्या वेष्टनातच ठेवून दिला, कोणाच्या तरी डोहाळजेवणाला द्यायला होईल म्हणून. रिळं पोलिसगाडीतच आहेत. मोठमोठ्या थकबाकीदारांकडून व्याजासकट पैसे काढलेल्या माणसाला सासूकडून एक पुठ्ठ्याचं खोकं निघेना, आणि गंमत म्हणजे त्या सबंध बोलण्यात ‘नाही’ हा शब्द एकदाही आला नव्हता.

ह्या उलट प्रकारही आपल्याकडे आहे, शोकेसचा. कुवेतच्या काकांनी आणलेली निळ्या डोळ्यांची बाहुली ताईच्या हातात कधी दिलीच गेली नाही. ‘खेळून खराब होईल’ म्हणून ती तिच्या पारदर्शक खोक्यासकट काचेआड गेली, खाली चांदीचे पेले, शेजारी ताजमहाल. पाहुणे आले की बाहुली काढून दाखवत आणि परत ठेवत. भाऊजींनी लग्नानंतर ती पहिल्यांदा बघितली तेव्हा आमच्या घराबद्दल त्यांचं मत एकदम बदललं. दुर्दैवानं आई दर दिवाळीला ते खोकं साबणाच्या पाण्यानं पुसत आली होती. त्यावरची अक्षरं पार निघून गेली आहेत. बाहुली कुठल्या देशाची, कुठल्या कंपनीची, कोणाला पत्ता नाही. ताई म्हणते, “माझं नाव लिहा.”

भाऊजींच्या सगळ्या व्यवहारांत मला सर्वांत आवडतो तो गोव्याचा. १९८७मध्ये एमआरएफनं अमेरिकेच्या हॅस्ब्रोबरोबर फनस्कूल काढली आणि गोव्यातल्या कारखान्यात जी. आय. जो हे अमेरिकी सैनिक तयार व्हायला लागले. साचे तिकडचे, रंग मात्र इकडे सुचतील तसे. तिकडे गंभीर हिरव्या वर्दीतला जवान आमच्याकडे वरातीला निघाल्यासारखा भडक होऊन येई. आपल्या पोरांनी त्याला कौतुकानं मातीत पुरलं, पतंगाला बांधून उडवलं, दिवाळीत लवंगीवर बसवलं. तिकडच्या संग्राहकांना मात्र ह्या रंगांचं विलक्षण वेड लागलं आणि इथले न फोडलेले पुठ्ठे तिकडे जाऊ लागले. भाऊजींना त्यातला एक हवा होता. इथे शोधून मिळेना. शेवटी अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून घेतला. डॉलरमध्ये किंमत, डॉलरमध्ये टपालखर्च, वर कस्टम ड्युटी. गोव्याचा सैनिक अर्धी पृथ्वी ओलांडून कोथरूडला आला. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला रुपयांतली कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे, सर्व करांसहित. ताई ती ओळ अधूनमधून मोठ्यानं वाचते.

भाचा ह्या सगळ्यात वाढतोय. तो आता दुसरीत आहे. लोकांना वाटतं तो एक दिवस कपाट उघडून सगळं फोडणार. छे! तो बापाच्याही पुढे गेलाय. मध्ये त्याच्या बाईंनी ताईला शाळेत बोलावलं. सहामाही आली तरी त्याची गणिताची व्यवसायमाला कोरी होती. एकही गणित सोडवलेलं नाही, पान दुमडलेलं नाही, वरचं पातळ प्लास्टिकही काढलेलं नाही. “लिहिलं की किंमत जाते,” असं त्यानं बाईंना समजावून सांगितलं होतं. भाऊजी त्याला रागावले, पण रागावण्याआधी त्यांनी व्यवसायमालेचे चारही कोपरे बघून घेतले.

आणि आता बिनाका. रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री अमीन सायानींची गीतमाला ऐकणाऱ्या पिढीला ही टूथपेस्ट वेगळी सांगायला नको. तिच्या खोक्यात एक चिमुकला प्लास्टिकचा प्राणी निघायचा. कधी हत्ती, कधी ससा, कधी पक्षी. घरात तीन पोरं असली की ह्या खेपेचा प्राणी कोणाचा ह्यावरून वाद, आणि नवं खोकं लवकर उघडावं म्हणून ट्यूब मागून पिळून, बोटभर पेस्ट घेऊन दात घासणं. एका पिढीचे दात ह्या प्राण्यांनी राखले. हे प्राणी सुटे आजही मिळतात. पण सुटा प्राणी भाऊजींच्या काय कामाचा? त्यांना मूळ वेष्टनात हवा. आणि बिनाकाच्या हत्तीचं मूळ वेष्टन म्हणजे न उघडलेलं टूथपेस्टचं खोकं. म्हणजे असं घर शोधायचं, जिथे पेस्ट आणली आणि कोणी दात घासले नाहीत.

भाऊजींनी शोध सुरू केला. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या आजोबांना त्यांनी अत्यंत अदबीनं विचारलं, “आपल्या घराण्यात कोणी दात न घासणारं होतं का?” मुलाकडचे पाहुणे होते ते. ताईनं तेव्हापासून लग्नांना एकटीनं जायला सुरुवात केली.

शेवटी बँकेच्याच एका शिपायाकडून बातमी लागली: सांगलीकडे एका तालुक्याच्या गावी जुनं किराणा दुकान, मालक सत्तरीच्या पुढचे, वरच्या फळीवर कधीकाळचा न खपलेला माल. गावाला तेव्हा मिश्री आणि राखुंडी पुरत होती. भाऊजींनी रजा टाकली, मला बरोबर घेतलं. दुकान सापडलं. फळीवर धुळीच्या थराखाली खोकं सापडलं. दोन्ही टोकं बंद. भाऊजींनी खिशातून मोजे काढले.

“काका, आहे तसंच द्या. किती द्यायचे?”

“अहो थांबा साहेब. माल न बघता द्यायची आपल्या दुकानाची रीत न्हाई,” काका म्हणाले आणि त्यांनी अंगठ्यानं खोक्याचं टोक फर्रकन फाडलं.

भाऊजी साखरेच्या पोत्यावर बसले.

काकांनी ट्यूब दाबून बघितली. दगड झाली होती. मग खोकं हातावर झटकलं, आणि एक गुलाबी हत्ती बाहेर पडला. जोंधळ्याच्या दाण्यांत मिसळू नये म्हणून त्यांनी तो तराजूच्या पारड्यात ठेवला.

“पेस्ट खराब झालीय. ही मी विकणार न्हाई. उद्या तुमच्या दाताला काही झालं तर दुकानाचं नाव जायचं.”

“पेस्ट नको, काका,” भाऊजींचा आवाज आता कुठे फुटला. “हत्ती द्या. म्हणाल ते देतो.”

“हत्ती विकायचा न्हाई साहेब. हत्ती फुकट आहे.”

“मग फुकट द्या.”

“पेस्ट न घेता?” काकांनी चष्म्यावरून बघितलं. “कंपनीची स्कीम आहे ती. पेस्टवर हत्ती. नुसता हत्ती दिला तर उद्या कंपनीच्या माणसाला काय सांगू?”

कंपनीचा माणूस त्या दुकानात कधी शेवटचा आला असेल ते देव जाणे. पण भाऊजी स्वतः नियमांचे माणूस. त्यांना हा मुद्दा खोडता येईना. शेवटी त्यांनी आजच्या तारखेची, मोठ्यातली मोठी टूथपेस्ट विकत घेतली. काकांनी पैसे मोजून गल्ल्यात टाकले आणि मग हत्ती उचलून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधला.

“पोरासाठी नेताय नव्हं?” पुडी देता देता ते म्हणाले. “एकटा हत्ती काय कामाचा? आत फळीवर अजून दोन खोकी असतील. बघू ससा-बिसा निघतोय का,” आणि भाऊजी पोत्यावरून उठायच्या आत कात्री घेऊन ते आतल्या खोलीत गेले.